शेवटचं गाणं आणि हिऱ्याचं टोक

एलपीची बाजू सुरू होते तेव्हा सगळं छान असतं. पहिलं गाणं मोकळं, दुसरं मोकळं, झांजेची किणकिण विरेपर्यंत ऐकू येते. मग सुई हळूहळू लेबलकडे सरकते, आणि शेवटच्या गाण्यात गायिका जिथे आवाज चढवते तिथे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. अक्षराची कड खरखरीत होते, आणि मागून येणाऱ्या स्वरालाही ती खरखर चिकटते. गाणं संपतं, सुई धरणारा आर्म उचलला जातो, पण ते मनात टोचत राहतं. रेकॉर्ड पुसून पुन्हा लावली तरी खरखर त्याच जागी आणि तेवढीच. शेवटी ‘रेकॉर्डच गेलीय’ म्हणून ती बाजूला ठेवली जाते. आणि मग कधीतरी दुसऱ्या एखाद्या टर्नटेबलवर तीच रेकॉर्ड, तेच गाणं, तोच ‘स’ नितळ वाजतो. बजेटमधल्या कार्ट्रिजांची, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणाऱ्या डब्यांची, तुलना इथून सुरू व्हायला हवी. बहुतेक वेळा ती पहिल्या गाण्यावरच उरकली जाते, आणि पहिल्या गाण्यावर जवळजवळ सगळीच कार्ट्रिजं चांगली वाजतात.

याचं कारण साध्या गणितात आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरही आणि आतही. पण बाहेरच्या कडेला, मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते. आत ६० मिलिमीटरवर जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांबीत ऐसपैस कोरलेली असते, आणि आत तीच लाट २१ मायक्रॉनमध्ये बसवावी लागते. आता सुईकडे पाहू. साध्या कॉनिकल, म्हणजे गोल टोकाच्या सुईची त्रिज्या ०.६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १५ मायक्रॉन. एक चढ आणि एक उतार मिळून २१ मायक्रॉन, आणि त्यातून जाणारं टोक १५ मायक्रॉन त्रिज्येचं: जाड टोकाच्या पेनाने बारीक अक्षर गिरवायला घ्यावं तसं. टोक वळणाच्या पोटात शिरतच नाही, वरच्या वर सरकतं, आणि खाचेत कोरलेल्यापेक्षा वेगळाच आकार कार्ट्रिजमधल्या कॉइलपर्यंत (तारेच्या वेटोळ्यापर्यंत) पोचतो. ‘स’चा जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणून पहिला बळी त्याचाच जातो.

त्यात आणखी एक गोम आहे. मूळ तबकडीवर, म्हणजे मास्टर डिस्कवर, खाच कोरणारं अवजार गोल नसतं, चपट्या धारेचं असतं. ते डावी-उजवीकडे हलतं तेव्हा लाटेच्या तिरक्या भागात खाच प्रत्यक्षात अरुंद होते. गोल टोक तिथे चिमटीत सापडून वर उचललं जातं, एका लाटेत दोनदा. ही दुप्पट कंपनसंख्येची उभी हालचाल कार्ट्रिजला खरा आवाजच वाटते. याला पिंच इफेक्ट म्हणतात. जुन्या मोनो एलपी ऐकताना ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबून पाहावं: उभी हालचाल दोन चॅनेलमध्ये उलट्या फेजने, म्हणजे एकीकडे चढ तर दुसरीकडे उतार अशी, येते, त्यामुळे बेरजेत ती रद्द होते, आणि बराच कचरा एकदम नाहीसा होतो. बटणाला पैसे पडत नाहीत, तरी ते वापरणारे फार थोडे.

इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई या दोन्ही अडचणींवर उतारा म्हणून आली. खाचेच्या भिंतींना टेकणाऱ्या तिच्या कडांची त्रिज्या लहान असते. बजेटमधल्या बहुतेक सुयांवर ०.३ × ०.७ मिल असं लिहिलेलं सापडतं, त्यातला ०.३ हा आकडा महत्त्वाचा, साधारण ८ मायक्रॉन. नागाओकाच्या एमपी-११०ची सुई ०.४ × ०.७ मिल, म्हणजे १० मायक्रॉनची, किंचित जास्त गोल. यापुढच्या पायरीला शिबाटा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसीने चार चॅनेलच्या सीडी-४ रेकॉर्ड काढल्या, त्यात ३० किलोहर्ट्झचा वाहक सिग्नल खाचेतच कोरलेला असे, आणि तो वाचण्यासाठी ही सुई घडवली गेली. चार चॅनेलचा तो खटाटोप टिकला नाही, सुई टिकली. तिची कड साधारण ६.६ मायक्रॉनची, पण भिंतीला ती बिंदूत न टेकता उभ्या लांब रेषेत टेकते. मायक्रोलिनिअर त्याहून धारदार: कड ०.१२ मिल, म्हणजे ३ मायक्रॉन. खाच कोरणाऱ्या धारेच्या जवळ जाणारा आकार हाच.

हे आकार एकमेकांशेजारी ठेवून ऐकायचे तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ मालिकेसारखी सोय दुसरी नाही. कार्ट्रिजचा साचा, म्हणजे मूळ अंग, एकच, त्यातल्या कॉइल त्याच. पुढची सुई तेवढी बोटांनी ओढून काढायची आणि दुसरी बसवायची. सी म्हणजे कॉनिकल, ई म्हणजे इलिप्टिकल, ईएन म्हणजे त्याच मापाची पण नेकेड (म्हणजे अख्ख्या हिऱ्याची) इलिप्टिकल, एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, एसएच म्हणजे शिबाटा. सगळ्यांना वजन २ ग्रॅम. स्क्रू सैल न करता, आर्मची उंची न बदलता अर्ध्या मिनिटात सुई बदलते. त्यामुळे कानाला जो फरक जाणवतो तो टोकाचा आणि त्याला धरणाऱ्या बारीक दांडीचा, कँटिलिव्हरचाच असतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्ट्रिजं बदलून ऐकली तर एका वेळी दहा गोष्टी बदललेल्या असतात, आणि श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही.

सी आणि ई यांच्यातला फरक बाजूच्या पूर्वार्धात शोधावा लागतो. उत्तरार्धात तो आपण होऊन समोर येतो. सी सुई शेवटच्या गाण्यात झांजेला जाडसर करते, झांज वाजली हे कळतं पण ती पितळेची आहे हे कळत नाही. ई सुईवर धातू परत येतो. आणि ई वरून एमएलवर गेलं की बदलतं ते वेगळंच काहीतरी: तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे वरचे स्वरांश एकमेकांपासून सुटे होतात, मागच्या कोरसमधले आवाज मोजता येतील असे वाटतात, आणि मुख्य म्हणजे पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं एकाच दर्जाचं वाजतं. हा समतोल हीच माझ्या मते बारीक सुईची खरी कमाई. ‘अधिक तपशील’ वगैरे नंतर. बाजू संपत आली की कान आपोआप आखडून बसायचे, ते सोडून देता येतं.

नेकेड आणि बाँडेड हा भेदही समजून घेण्यासारखा आहे. स्वस्त सुईत हिऱ्याचा कण फक्त टोकाला असतो, खाली धातूची छोटी खुंटी, दोन्ही चिकटवलेले. नेकेड सुईत संपूर्ण खुंटीच हिऱ्याची, त्यामुळे हलणारं वस्तुमान कमी. खाचेत मोठा आवाज अचानक आला तर हलकी सुई वळण पटकन घेते, जड सुई भिंत सोडून उडते. म्हणून ई आणि ईएन यांचं माप कागदावर सारखं असूनही ईएनवर तबल्याच्या चाटीची थाप जास्त कोरडी आणि नेमकी वाटते. ऑर्टोफॉनच्या २एम रेड आणि २एम ब्लू यांच्यातही हेच नातं आहे, रेडच्या साच्यात ब्लूची सुई बसते, आणि रेडची सुई झिजली की तिथे ब्लू लावणं हा शहाणपणाचा खर्च.

पण तुलना करताना आवाजाची पातळी जुळवली नसेल तर सगळं फोल.

२एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देतं, व्हीएम९५ई ४, आणि व्हीएम९५एमएल ३.५. पहिल्या दोघांतला फरकच पावणेतीन डेसिबलच्या आसपास जातो. व्हॉल्यूमचं बटण न हलवता कार्ट्रिज बदललं की मोठ्याने वाजणारं कार्ट्रिज जास्त भरीव, जास्त जिवंत वाटणारच. कानाची ती जातच आहे. टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा सलग स्वर लावावा, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावं, आणि दुसरं कार्ट्रिज लावल्यावर तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवावं. कार्ट्रिज काढून बसवायला अर्धा तास जातो, तेवढ्यात आधीचा आवाज आठवणीतून निसटलेला असतो. म्हणून दोन्हींवर तेच शेवटचं गाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून, पातळी जुळवून, कुठलं कुठलं ते न पाहता ऐकणं उत्तम. असं ऐकल्यावर बरीच ठाम मतं मवाळ होतात, आणि शेवटच्या गाण्याबद्दलची मतं मात्र तशीच उरतात.

मग कार्ट्रिजच्या साच्याला, त्यातल्या कॉइलला काही महत्त्व नाही का? आहे, आणि ते स्वराच्या रंगात दिसतं. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर लोहचुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स आणि पुढच्या वायरचा, फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) कपॅसिटन्स, असे हे दोन विद्युत गुण मिळून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. व्हीएम९५चा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. वायर आणि फोनो इनपुट मिळून १५० पिकोफॅरड असतील तर तो उंचवटा साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, कानाच्या वाटेत फारसा येत नाही. तेच ४०० पिकोफॅरड झाले तर तो पावणेअकरा किलोहर्ट्झपर्यंत खाली सरकतो, बरोबर ‘स’च्या डोक्यावर येऊन बसतो, आणि त्याच्या पुढचा आवाज झपाट्याने गळतो. कंपनी या कार्ट्रिजसाठी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. २एम रेडला १५० ते ३०० चालतात. लांबलचक वायर आणि २२० पिकोफॅरडचा फोनो इनपुट एवढ्यानेच व्हीएम९५ची मर्यादा ओलांडली जाते. ‘हे कार्ट्रिज फार कर्कश आहे’ अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यातला मोठा वाटा वायरचा असतो. वायर आखूड करावी, कमी कपॅसिटन्सची घ्यावी, फोनो स्टेजवर निवडीचा स्विच असेल तर खालच्या आकड्यावर ठेवावा. मग कार्ट्रिज बदलायचं की नाही ते ठरवावं. नागाओकाची कार्ट्रिजं मूव्हिंग मॅग्नेट नाहीत, त्यांत परमॅलॉयचा, म्हणजे निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा, तुकडा हलतो. एमपी-११० हे मधल्या पट्टीत उबदार, गोलाई असलेलं वाजतं आणि मानवी आवाज फार छान ठेवतं. ग्राडो कार्ट्रिजचीही मधली पट्टी मोहक आहे, पण त्याच्या कॉइलला पुरेसं कवच नसल्याने काही टर्नटेबलांवर आर्म मोटरच्या जवळ जाताना गुणगुण वाढत जाते. तिथे त्या जोडीचा नाद सोडलेला बरा.

बारीक सुई घेतली आणि बसवणीत आळस केला तर पैसे पाण्यात जातात, याबद्दल दुमत नको. कॉनिकल टोक गोल असल्यामुळे थोडं वाकडं बसलं तरी भिंतीला तसंच टेकतं. ३ मायक्रॉनची कड तिरकी बसली की एका भिंतीवर आधी आणि दुसऱ्या भिंतीवर नंतर पोचते. सुईवरचं झाकण लावूनच काम सुरू करावं. हेडशेलच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या टोकाच्या) वायरी अशा: पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. क्लिप सैल असेल तर चिमट्याने हलकेच दाबावी. कार्ट्रिजच्या पिनेला सोल्डर कधीही लावू नये, आत केसासारखी तार असते ती उष्णतेने सुटते. स्क्रू एवढेच आवळावेत की कार्ट्रिज बोटाने सरकेल. मग आर्म आडवा तरंगेल इतकं मागचं वजन फिरवावं, अँटी-स्केटिंग (आर्मला आत ओढणाऱ्या जोराला विरोध करणारी सोय) त्या वेळी शून्यावर. तबकडीवर डिजिटल वजनकाटा ठेवून सुईचं वजन मोजावं; काटा जाड असेल तर सुई रेकॉर्डच्या पातळीपेक्षा वर मोजली जाते आणि आकडा चुकतो, तेव्हा पातळ काटा घ्यावा. २ ग्रॅम सांगितले असतील तर २ ठेवावेत. रेकॉर्डला जपायचं म्हणून दीड ग्रॅमवर वाजवणं हा गैरसमज फार नुकसान करतो, कारण हलकी टेकलेली सुई मोठ्या आवाजाला भिंत सोडते आणि परत आदळते. खाचेला जखम त्या आदळण्याने होते.

मग प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईची जागा आणि कोन जुळवायची पट्टी. बेअरवाल्ड नावाच्या प्रचलित मांडणीत सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेला अचूक समांतर असायला हवी. दोन्ही बिंदूंवर टोक ठेवून, भिंगातून पाहत, कार्ट्रिज पुढे-मागे आणि किंचित फिरवत दोन्हीकडे जुळेपर्यंत जावं. इथे कार्ट्रिजच्या साच्याची कड पाहण्याचा मोह होतो, पण रेषेशी जुळवायचा असतो कँटिलिव्हर. स्वस्त कार्ट्रिजात तो साच्याला नेहमी सरळ असतोच असं नाही, आणि अर्ध्या अंशाची तिरपीक भिंगातून स्पष्ट दिसते. प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, आळीपाळीने आवळावा. एकच आधी घट्ट केला की कार्ट्रिज हमखास फिरतं. आवळून झाल्यावर पुन्हा मोजावं. वजनही पुन्हा पाहावं, कारण कार्ट्रिज पुढे सरकल्याने ते बदललेलं असतं. रेकॉर्ड वाजत असताना आर्म बाजूने पाहिला तर तिला समांतर दिसायला हवा, आणि समोरून पाहिलं तर सुई सरळ उभी.

एवढं करूनही ‘स’ फाटत असेल तर कोणत्या बाजूला फाटतो ते ऐकावं. दोन्ही चॅनेलमध्ये सारखी, सतत असणारी धूसरता ही टोकाच्या आकाराची किंवा मांडणीची. फक्त मोठ्या आवाजाला तडकणारा, आणि तोही उजव्याच स्पीकरमधला त्रास अँटी-स्केटिंग कमी असल्याचं सांगतो: आर्म आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनेलवर रेलते, आणि उजवी भिंत सुटायला लागते. अँटी-स्केटिंग थोडं-थोडं वाढवत तीच ओळ पुन्हा ऐकावी. बास जड आणि गढूळ वाटत असेल, वाकड्या रेकॉर्डवर स्पीकरचे पडदे लपलपत असतील, तर आर्म आणि कार्ट्रिजचा मेळ तपासावा. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज घेऊन तिला कंप्लायन्सने (सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणावं, वर्गमूळ काढावं, आणि १५९ला त्याने भागावं. १२ ग्रॅमचा आर्म, ७.२ ग्रॅमचं २एम रेड, ग्रॅमभर स्क्रू, कंप्लायन्स २०: उत्तर, म्हणजे दोघांची मिळून नैसर्गिक कंपनसंख्या, ८ हर्ट्झच्या आसपास. ८ ते १२ मध्ये आलं की चाललं. जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्झवर मोजून देतात, तो आकडा दीड ते दोनपट धरावा, नाहीतर हिशेब भलतीकडे जातो.

कॉनिकलला मात्र टाकाऊ समजू नये. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात घडलेलं डेनॉनचं डीएल-१०३ आजही कॉनिकल सुईवरच चालतं, आणि त्याच्या मधल्या पट्टीतल्या घट्ट, मांसल आवाजासाठी लोक त्याला सोडत नाहीत. ४५च्या वेगाच्या बारा इंची रेकॉर्डवर खाच एकतृतीयांशाहून जास्त वेगाने सरकते, लाटा तेवढ्याच लांब होतात, आणि तिथे सी आणि एमएल यांच्यातलं अंतर बरंच मिटतं. सुरुवातीच्या टर्नटेबलांवर येणारं एटी३६००एल ३ ग्रॅमवर, कार्बनमिश्रित प्लास्टिकच्या कँटिलिव्हरवर चालतं आणि तरी ज्या गोडीने गाणं पुढे नेतं ती ऐकण्यासारखी असते. ते सगळं सांगत नाही, पण जे सांगतं ते नीट सांगतं. त्याच्या जागी कडक बसवलेली, वाकडी लागलेली बारीक सुई ऐकावी लागली तर कॉनिकल परत घ्यावीशी वाटते.

आयुष्याचा हिशेबही करावा. ऑडिओ-टेक्निका कॉनिकलला ५०० तास देते, इलिप्टिकलला ३००, शिबाटाला ८०० आणि मायक्रोलिनिअरला १०००. वीस मिनिटांची एक बाजू धरली तर इलिप्टिकल सुई ९०० बाजू वाजवते आणि मायक्रोलिनिअर ३०००. म्हणजे एमएल सुई ई सुईच्या तिपटीने महाग असली तरी तासामागे ती स्वस्तच पडते. रेषेत टेकल्यामुळे दाब पसरतो, हिरा सावकाश झिजतो, आणि झिजताना त्याची कड बराच काळ बारीकच राहते. इलिप्टिकल झिजते तेव्हा तिच्या कडांना सपाट पैलू पडतात. झीज डोळ्यांना दिसण्याआधी शेवटच्या गाण्यात ऐकू येते. ओळखीच्या रेकॉर्डवर जिथे पूर्वी त्रास नव्हता तिथे ‘स’ बोचायला लागला की तास मोजत बसू नये, सुई बदलावी. त्याआधी मागून पुढे ब्रश फिरवून सुई साफ आहे ना एवढं पाहावं, कारण टोकाला चिकटलेला धुळीचा गोळा अगदी तसाच आवाज काढतो.

वापरलेल्या जुन्या रेकॉर्डवर बारीक सुई कधी चमत्कार करते, कधी निराशा. पूर्वीच्या मालकाची गोल सुई भिंतीच्या मध्यावर घासत गेली असेल, तर लांब रेषेत टेकणारी सुई त्या पट्ट्याच्या वर आणि खाली न झिजलेला भाग वाचते, आणि मेलेलं वाटणारं गाणं उठून बसतं. पण हलक्या वजनावर सुई उडून-आदळून भिंतच तुटलेली असेल, तर ते नुकसान एमएल अधिकच स्पष्टपणे वाचते. खोल बसलेला मळही तीच आधी गाठते, म्हणून अशी रेकॉर्ड आधी ओल्या पद्धतीने धुऊनच लावावी. धुऊनही कडकड राहिलीच तर त्याच साच्यात सी सुई लावून पाहावी, ती पुष्कळ ओरखड्यांवरून अलगद निघून जाते. आणि ७८च्या लाखेच्या रेकॉर्डला यातली एकही सुई लावू नये: तिची खाच रुंद, एलपीची सुई तळाशी पडून मळात लोळते. तिला ३ मिलची वेगळी सुई लागते. व्हीएम९५च्या मालिकेत ती एसपी नावाने येते. सी, एमएल आणि एसपी अशा तीन सुया जवळ असल्या की बहुतेक सगळा संग्रह नीट वाजवता येतो.